एकमेकांकडे न बघता केलेलं गणित

मार्गदर्शकाने व्हायवात तोंड उघडायचं नसतं, हा नियम ज्या कोणी केला त्याने मला पाहिलेलं नव्हतं. विद्यार्थी आपला प्रबंध मांडतो, बाहेरगावचे परीक्षक प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तरं देतो. आणि जिने त्या प्रबंधासाठी वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर डोकं फोडलेलं असतं तिने कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसायचं. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनीचा व्हायवा जळगावात झाला त्या दिवशी अर्धी मंडळी तिचं ऐकायला आली होती आणि उरलेली अर्धी मी गप्प बसते का ते बघायला.

मी गप्प बसले. त्या दिवसाची ही हकीगत आहे, आणि ती सांगताना मी उगाच नम्रपणाचा आव आणणार नाही.

मी मूळची असोद्याची. घरी केळी आणि कापूस. सैद्धांतिक भौतिकशास्त्र म्हणजे काय, हे वडिलांना समजावून सांगण्यात माझ्या दोन-तीन सुट्ट्या गेल्या. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे यंत्र नही, दवा नही, निस्तं कागदावर? मंग चुकलं का बरोबर, हे कोन सांगते?"

मी म्हटलं, "आबा, दुसऱ्याने ते आपल्या पद्धतीने करून बघायचं. जुळलं तर बरोबर."

"अन दुसरा नसला त?"

तेव्हा मी दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. करत होते. तिथे दर दोन खोल्यांआड एक दुसरा होता, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. पदवी झाली आणि जळगावच्या एका कॉलेजात कायम नोकरी मिळाली. मला घराजवळ राहायचं होतं, केळीच्या बागा दिसतील अशा गावी राहायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. माझे सर म्हणाले, "तिकडे गेलीस की पहिल्या वर्षाच्या पोरांना उष्णता शिकवशील आणि संशोधन विसरून जाशील." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "सर, कागद आणि पेन्सिल जळगावातही मिळतात."

कागद आणि पेन्सिल मिळाली. भांडायला माणूस मिळाला नाही. आमच्या भागात भौतिकशास्त्र म्हणजे प्रयोगशाळा: काचेच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा पातळ थर बसवायचा, तो तापवायचा, मोजायचा. माझे सहकारी त्यात तरबेज आहेत आणि त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण मी कृष्णविवरांवर काम करते म्हटल्यावर एकाने अगदी आपुलकीने विचारलं होतं, "मॅडम, मग तुमचं सँपल कुठे ठेवता?" मी बरीच वर्षं एकटीने काम केलं. एखादं गणित सोडवायचं, कपाटात टाकायचं, विसरायचं, आणि काही आठवड्यांनी ते कोऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून करायचं. दुसरा माणूस नव्हता, म्हणून मीच माझी दुसरी झाले. निबंध छापून यायचे, तेही बऱ्या नियतकालिकांत; पण स्वतःशीच भांडून माणूस कंटाळतो.

मग ती भेटली. धुळ्याला शिक्षकांच्या एका शिबिरात माझं व्याख्यान होतं. ते संपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि एक सडपातळ मुलगी फळ्याजवळच रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या ओळीत तुमचा दोनाचा गुणक सुटलाय." ती साक्रीच्या पलीकडच्या डोंगराकडच्या गावातली, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. एम.एस्सी. करून धुळ्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. मी तिला "बघते" म्हणाले आणि बसमध्ये बसले. पारोळ्यापर्यंत मला तिचा राग होता. पारोळ्याला बस थांबली तेव्हा कागद काढून पाहिलं. गुणक सुटला होता. एरंडोल यायच्या आत मी तिला फोन करून विचारलं, "माझ्याकडे पीएच.डी. करतेस का?"

आमची काम करायची पद्धत लोकांना विचित्र वाटायची. गणित दोघींनी करायचं, ती धुळ्यात, मी जळगावात, आणि शेवटची ओळ येईपर्यंत एकमेकींना काहीही सांगायचं नाही. फोनवर घरचं, दारचं, तिच्या कॉलेजातलं राजकारण, सगळं बोलायचं, गणित सोडून. मग दोघींनी निम्म्या वाटेवर, पारोळ्याच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये भेटायचं आणि फक्त शेवटचं पान टेबलावर ठेवायचं. त्यात आणखी एक अट मी घातली होती. आमच्या शास्त्रात अर्धं जग काळाला अधिक आणि अंतराला उणे धरून लिहितं, अर्धं जग बरोबर उलट. रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवा नाहीतर उजवीकडून, देशादेशाची रीत. पण एकाच रस्त्यावर दोन्ही चालवल्या तर टक्कर ठरलेली. मी पहिली रीत धरायची, तिने दुसरी. म्हणजे एकीचा हात जिथे घसरेल तिथे दुसरीचा घसरणार नाही. उत्तर जुळलं की आम्ही भजी मागवायचो. नाही जुळलं तर नुसता चहा घेऊन आपापल्या बसमध्ये बसायचो.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न सांगायला सोपा आहे. कृष्णविवराभोवती एका विशिष्ट प्रकारचं क्षेत्र पसरलेलं आहे असं धरा. त्या सगळ्याला हलकासा धक्का दिला तर तो धक्का विरून जाईल, की वाढत वाढत सगळी रचनाच मोडून टाकेल? उत्तर शेवटी एका चिन्हावर येऊन थांबतं. अधिक आलं तर विरतो, उणे आलं तर वाढतो. आमचं दोघींचं अधिक आलं. त्या दिवशी भजीच्या दोन प्लेट झाल्या.

पण याच प्रश्नावर एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांचा निबंध आधीच छापलेला होता, आणि त्यांचं चिन्ह उणे होतं. त्यांचं नाव इतकं मोठं की त्यांच्या उणेवर इतरांनी इमले बांधले होते. आम्ही तो निबंध ओळ न् ओळ वाचला. नेमक्या मोक्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, "हे सहज दाखवता येते." आमच्या धंद्यात हे वाक्य दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने तरी महिनाभर डोकं आपटलेलं आहे, नाहीतर ती पायरी केलेलीच नाही. आम्ही त्यांच्याच वाटेने जायचा प्रयत्न केला आणि दर वेळी अधिकवरच येऊन पोचलो.

प्रबंध गेला तो दोन बाहेरच्या परीक्षकांकडे. एकाने चांगला अभिप्राय दिला. दुसरे परीक्षक म्हणजे तेच प्राध्यापक निघाले. त्यांनी लिहिलं की मुख्य निष्कर्ष प्रस्थापित निष्कर्षाच्या विरुद्ध आहे, उमेदवाराने तो व्हायवात सिद्ध करावा, अन्यथा प्रबंध मान्य करता येणार नाही. आणि व्हायवाला ते स्वतः येणार होते.

इथे त्या मुलीचं सगळं पणाला लागलं. त्याच सुमाराला धुळ्यातल्या एका कॉलेजात कायम जागा निघाली होती आणि तिला पीएच.डी. हवीच होती. प्रबंध परत आला असता तर जागा गेली असती, आणि पुढची जागा कधी निघेल हे कोणी सांगू शकलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे, साक्रीकडच्या मुलीने मोठ्यांना चुकीचं ठरवायला जाऊन तोंडावर आपटून घेतलं, हा शिक्का कायमचा बसला असता. आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, एका वजाबाकीपायी पोरीचं वाटोळं करता का? चिन्ह बदला, त्यांच्याशी जुळतंय असं लिहा, मोकळं व्हा. नंतर घाला काय घालायचा तो वाद." मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझी नोकरी कायम होती, तिची नव्हती. शहाणपणाच्या गप्पा मला परवडत होत्या.

म्हणून मी पारोळ्याला गेले आणि तिला सरळ विचारलं, "बदलायचं का?"

तिने चहाचा कप बाजूला सारला. "मॅडम, बदललं तर ते बरोबर येईल का?"

"नाही."

"मग कशाला बदलायचं?" असं म्हणून तिने पिशवीतून कोरे कागद काढले. "मी पुन्हा पहिल्यापासून करते. तुम्ही पण करा." एवढ्यात तिच्या आईचा फोन आला. ही शांतपणे सांगत होती, "व्हई जाई माय, तू काळजी करू नको." मला मात्र परतीच्या बसमध्ये रडू आलं. मी घाबरले होते. तिच्यासाठी तर होतेच, पण माझ्यासाठीही. इतकी वर्षं मी जळगावात बसून जे करत होते ते खरं भौतिकशास्त्र होतं, की कोणी तपासत नाही म्हणून चालून गेलेलं काहीतरी, याचाही निकाल व्हायवाच्या दिवशी लागणार होता.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा अधिक.

व्हायवा थंडीत होता. परीक्षक आदल्या रात्रीच्या गाडीने आले होते. उंच, पांढरे केस, बोलणं हळू, वागणं अगदी सभ्य. म्हणजे रागवायचीही सोय नाही. दुपारी त्यांना मी भरीत-पुरी खाऊ घातली. ते मन लावून जेवले, दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं, आणि बोटं पुसत मला इंग्रजीत म्हणाले, "वांग्याचा असा प्रकार मी कुठे खाल्ला नाही. पण तुमच्या विद्यार्थिनीचं चिन्ह चुकलेलं आहे." मी त्यांना आणखी एक पुरी वाढली. दुसरं काय करणार?

तीन वाजता सभागृह भरलं. तिची आई, दोन काका आणि एक आत्या पहाटेची एसटी धरून धुळ्यामार्गे आली होती. पहिली रांग पाहुण्यांसाठी असते हे आईंना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या सरळ पहिल्या रांगेत, प्राचार्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मुलीने प्रबंध मांडला, छान मांडला. मग परीक्षकांनी चष्मा काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा निष्कर्ष माझ्या निष्कर्षाच्या उलट आहे. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. मग चूक कोणाची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ दाबून धरले. ती म्हणाली, "सर, मला माहीत नाही. तुमच्या निबंधात ती पायरी दिलेली नाही." हे ती इतक्या साधेपणाने बोलली की ते उद्धट वाटायचं तेच राहून गेलं.

"ती पायरी सोपी आहे," ते म्हणाले.

"मग सर, आपण ती इथेच करू या का? फिरत नसलेल्या कृष्णविवरासाठी केलं तर एका फळ्यात मावतं, आणि चिन्ह तिथेच ठरतं. पण माझी एक विनंती आहे. मॅडम आणि मी एकमेकींचं न बघता करतो. तुम्ही समोरच्या फळ्यावर करा, मी मागच्या भिंतीवरच्या फळ्यावर करते. शेवटची ओळ आल्यावरच वळून बघायचं."

सभागृहात चुळबुळ झाली. परीक्षकाला परीक्षेला बसवायचं, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. प्राचार्य अर्धवट उठले. माझ्या जिभेवर आठ-दहा वाक्यं तयार होती आणि त्यातलं एकही बोलायची मला मुभा नव्हती. त्या प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर मात्र एक हसू आलं. ते हसू मी ओळखते. पेटीवाल्याला पेटी दिसली की त्याचे हात शिवशिवतात, तसं आमच्या लोकांचं खडूच्या बाबतीत होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या सारल्या.

मागच्या फळ्यावर स्नेहसंमेलनाच्या सूचना डकवलेल्या होत्या. त्या काढल्या. ती त्या टोकाला, ते या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून दोघं उभे राहिले, आणि आम्ही सगळे मधे. सुरुवातीला लोक अवघडून बसले होते. मग हळूहळू माना वळायला लागल्या, इकडे एक ओळ झाली की इकडे, तिकडे झाली की तिकडे. पातळ थरवाले माझे सहकारी, ज्यांनी इतक्या वर्षांत माझं एक समीकरण वाचलं नव्हतं, ते खुर्च्या फिरवून बसले. तिच्या काकांनी तर यात्रेतली कुस्ती बघावी तसं पुढे सरकून गुडघ्यांवर हात ठेवले. आईंना काही कळेना. त्यांनी मागे वळून मला विचारलं, "मॅडम, त्या सर भितकडे तोंड करीसन काय लिखी ऱ्हायना?"

"तिच्यासारखंच गणित करतायत, अक्का."

"मंग कोन जिकी?"

मी ओठांवर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं.

तिचं आधी झालं. तिने शेवटची ओळ लिहिली, खडू ठेवला आणि नियमाप्रमाणे भिंतीकडे बघत उभी राहिली. तिच्या फळ्यावर अधिक होतं. माझे डोळे पुढच्या फळ्यावर खिळले. प्राध्यापक सावकाश लिहीत होते. तिच्याशी वाद घालायच्या भरात ते आपला जुना निबंध विसरले होते, कुठलं आयतं सूत्र घेत नव्हते, सगळं मुळापासून काढत होते. दोन ओळी राहिल्या. एक राहिली. त्यांनी लिहिलं, थांबले, खडू फळ्यावरून उचलला, आणि आपल्याच अक्षरांकडे बघत राहिले.

अधिक.

त्यांनी सगळं पुन्हा वरून खालपर्यंत बोटाने तपासलं. मग ते वळले, तिला म्हणाले, "आता वळलात तरी चालेल," आणि टेबलाशी जाऊन आपल्या लॅपटॉपवर आपलाच निबंध उघडून बसले. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "सापडलं. इथे मी एका जुन्या निबंधातलं सूत्र घेतलंय. त्या लेखकांनी काळ अधिक धरलाय, मी उणे धरत होतो. सूत्र उसनं घेतलं आणि तसंच ठेवलं." मग ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा निष्कर्ष चूक आहे. हिचा बरोबर आहे. तो मी दुरुस्त करून छापेन आणि ही चूक कोणी आणि कुठे पकडली तेही लिहीन." मोठा माणूस होता. मला कबूल केलंच पाहिजे.

मग त्यांनी तिला आणखी अर्धा तास प्रश्न विचारले, पण आता त्यांचा सूर बदलला होता. ते तिची परीक्षा घेत नव्हते, तिच्याशी भांडत होते, आणि तीही भांडत होती. कोपऱ्यात बसून ते ऐकताना मला आनंद आवरेना. आम्ही जिंकलो होतो. पारोळ्याच्या कँटीनमध्ये, एसटीच्या धुरात केलेलं गणित जगातल्या कुठल्याही फळ्यावर टिकणारं होतं. कोणी मला गर्विष्ठ म्हणो.

शेवटी रीतीप्रमाणे आम्हाला बाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं, आणि परीक्षकांनी जाहीर केलं की पदवीची शिफारस करण्यात येत आहे. तिच्याकडे बघून ते पहिल्यांदा "डॉक्टर" म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या तरी आई बसूनच होत्या. त्यांनी माझा हात ओढला. "मनी पोर हारनी नही ना?"

"नाही अक्का. जिंकली. आता डॉक्टर झाली."

तेव्हा त्या उठल्या आणि गर्दीतून वाट काढत मुलीपाशी गेल्या. मुलीच्या केसांवर, कपाळावर, गालावर खडूची पांढरी भुकटी उडालेली होती. सगळे तिचं अभिनंदन करत होते, फोटो काढत होते, आणि आपली पोर अशा मळक्या तोंडाने उभी आहे हे आईंना बघवेना. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि तिचं तोंड पुसायला हात वर केला.

मुलीने त्यांचा हात हलकेच धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. आज ऱ्हाऊ दे."